अंथरूण, पाय आणि ग्राफिक्स कार्ड

आपल्या सीमाभागातल्या घरांत एकच म्हण दोन भाषांत ऐकू येते. माजघरातून कुणी म्हणते, 'अंथरूण पाहून पाय पसरावे', तर परसातून आज्जी सांगते, 'हासिगे इद्दष्टु कालु चाचु'. अर्थ एकच. ही म्हण आपण पैशांच्या बाबतीत वापरतो. पण घरातल्या जुन्या संगणकालाही ती तंतोतंत लागू पडते. हल्ली घरोघरी मुलांचा हट्ट असतो की जुन्याच संगणकात चांगले ग्राफिक्स कार्ड बसवू या. कार्ड बसते, स्क्रू घट्ट होतो, पंखा फिरतो आणि पडदा मात्र काळा राहतो. मग कुणी तरी सुचवते, 'अहो, कार्डाचे फर्मवेअर अपडेट करा, होईल सुरू.' हा सल्ला कधी खरा असतो आणि कधी घात करणारा, हे या खेपेस सांगायचे आहे.

आधी फर्मवेअर म्हणजे काय ते पाहू. हार्डवेअर म्हणजे हाताला लागणारी वस्तू. सॉफ्टवेअर म्हणजे तिला दिलेल्या सूचना, ज्या आज घालता आणि उद्या काढता येतात. या दोघांच्या मधले ते फर्मवेअर. १९६७ साली ॲशर ऑप्लर यांनी 'डेटामेशन' या अमेरिकन मासिकातल्या लेखात हा शब्द वापरला आणि तो रूढ झाला. ग्राफिक्स कार्डावर नखाएवढी, बहुधा आठ पायांची एक चिप असते. वीज आल्यावर कार्डाने पहिल्यांदा काय करायचे, मेमरी कोणत्या वेगाने चालवायची, पंखा कधी फिरवायचा, पडद्यावर पहिले अक्षर कसे उमटवायचे, हे सारे त्या चिपमध्ये लिहिलेले असते. विंडोज काढून पुन्हा टाकले तरी ते पुसले जात नाही. बाळाला जन्मतःच रडता येते ना, तसेच हे कार्डाचे उपजत ज्ञान समजा.

आता बटन दाबल्यावर काय घडते ते बघा. विंडोजची खूण दिसायच्या कितीतरी आधी मदरबोर्ड जागा होतो आणि कार्डाला विचारतो, 'बाई, तू कोण आणि पडद्यावर चित्र काढशील का?' कार्ड आपल्या चिपमधून उत्तर देते. हा संवाद एका भाषेत व्हावा लागतो आणि गंमत अशी की ही भाषा मधल्या काळात बदलली आहे.

जुनी भाषा १९८१ सालच्या आयबीएम पीसीपासूनची. तिला आपण बायोस म्हणतो. तीसेक वर्षे तीच चालली. नवी भाषा म्हणजे यूईएफआय. तिचे काम नव्वदच्या दशकाच्या अखेरीस इंटेलने सुरू केले आणि २००५ मध्ये अनेक कंपन्यांनी मिळून त्यासाठी मंच स्थापन केला. २०१२ च्या ऑक्टोबरात विंडोज ८ आले आणि त्याबरोबर ही नवी भाषा नव्या संगणकांत सर्रास झाली. त्या सुमारापासूनची बहुतेक कार्डे दुभाषी आहेत. एकाच चिपमध्ये जुन्या भाषेतले उत्तरही असते आणि नव्या भाषेतलेही. समोरचा जसा बोलेल तसे बोलायचे. आपल्याकडे दारावर पाहुणा आला की त्याच्या तोंडचा पहिला शब्द ऐकून आपण 'या' म्हणायचे की 'बर्री' ते ठरवतो, अगदी तसेच.

पण दुभाष्यालाही कधी कधी समोरच्याचे कळत नाही. मदरबोर्ड फार जुना असेल आणि त्याच्या कंपनीने कार्ड ओळखण्याची सोय अपुरी ठेवली असेल, तर कार्ड दुभाषी असूनही पडदा काळा राहतो. कार्डाच्या चिपमधला मजकूर कुणी बदलला असेल, तर नवा मदरबोर्डही 'ही सही खरी नव्हे' म्हणून त्याला दारातच अडवू शकतो. बाहेरून दोन्ही वेळा दिसते तेच, पंखा चालू आणि पडदा बंद. रोग वेगळे आणि लक्षण एकच, म्हणूनच औषध देण्याआधी तपासणी हवी.

हे सगळे सांगायला निमित्त झाले खकनारचे. खकनार हे मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यातले तहसिलीचे गाव. १५ ऑगस्ट २००३ ला खंडवा जिल्ह्यातून बुऱ्हाणपूर वेगळा झाला. माझी भाची तिथे दिली आहे. बेळगावहून गोवा एक्सप्रेसने भुसावळ, तिथून गाडी बदलून बुऱ्हाणपूर आणि पुढे बस. आपण स्वतःला सीमाभागातले म्हणवतो, पण ती मंडळीही आपल्यासारखीच शिवेवरची. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि निमाडी, आणि आठवड्याच्या हाटाला सातपुड्याच्या वाड्यांतून उतरलेल्या लोकांच्या तोंडी कोरकू. ही कोरकू ना मराठीच्या गोत्यातली ना कन्नडच्या. ती मुंडा कुळातली. भाचीच्या सासूबाई भाजीवालीशी अर्ध्या कोरकूत घासाघीस करतात ते ऐकून मला आपल्या शनिवारच्या बाजाराची आठवण झाली.

जावईबापूंचा लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ काढण्याचा व्यवसाय आहे. एक खोली, एक कॅमेरा, मदतीला एक मुलगा आणि कुठल्याशा कार्यालयाने विकून टाकलेला २०११ सालचा संगणक. केळीचे पैसे हातात आले की त्या भागात लग्नांची घाई उडते. कॅमेरा नवा घेतल्यापासून चित्रण मोठ्या आकाराचे होऊ लागले आणि जुना संगणक दमू लागला. म्हणून त्यांनी एका शहरातून वापरलेले ग्राफिक्स कार्ड आणले. विकणाऱ्याने 'फक्त घरी वापरलेले' असे सांगितले होते. कार्ड बसवले आणि पडदा काळा.

मी पोचले त्या दिवशी घरात सुतकी शांतता होती. नुसता धंदा अडला म्हणून नव्हे. त्या संगणकात शेजारच्या गावातल्या एका लग्नाचे चित्रण होते. त्या लग्नानंतर पंधरा दिवसांनी नवऱ्यामुलाचे आजोबा वारले. हयात असताना म्हाताऱ्याने कधी फोटो काढू दिला नव्हता. नातवाच्या लग्नात मात्र फेटा बांधून ते बँडपुढे नाचले होते आणि ते सगळे कॅमेऱ्यात आले होते. वर्षश्राद्ध बारा दिवसांवर आले होते. त्यांच्या घरच्या काकू रोज एक फेरी मारत आणि दारात उभ्या राहून एवढेच विचारत, 'झालं का रे बाबा?' कॅमेऱ्याचे कार्ड पुसून पुढच्या लग्नाला वापरले गेले होते. जे काही होते ते त्या एका संगणकात.

जावईबापू म्हणाले, "मावशी, मी एक व्हिडिओ बघितला. त्यात सांगितलंय की फर्मवेअर फ्लॅश केलं की कार्ड चालू होतं. फाइल पण उतरवून ठेवलीय. आज रात्री लाइट आहे, करून टाकतो."

मी म्हटले, "जावईबापू, करायचंच असेल तर उद्याही करता येईल. आधी मला सांगा, पडदा काळा असताना फ्लॅश करताना तुम्ही वाचणार काय?"

मी बरीच वर्षे संगणकाचे वर्ग घेतले. एवढे शिकले की मुलांना आधी आवरायचे आणि मग शिकवायचे. कन्नडमध्ये म्हणतात ना, 'आतुरगारनिगे बुद्धी मट्ट'. उतावळ्याची बुद्धी तोकडी. जावईबापू मुळात समजूतदार. त्यांनी हातातला पेनड्राइव्ह खाली ठेवला आणि आम्ही क्रमाने तपासायला बसलो.

पहिले काम म्हणजे कार्ड काढणे. वीज बंद केली, प्लग काढला, कार्ड उतरवले आणि पडद्याची वायर मदरबोर्डाच्या मूळच्या निळ्या जोडणीला लावली. बटन दाबले. पडद्यावर अक्षरे आली! सगळ्या फाइली जागच्या जागी होत्या. भाचीने देवाजवळ साखर ठेवली. यात चमत्कार काहीच नव्हता. चित्रण असते हार्डडिस्कवर आणि कार्ड ही केवळ चित्र दाखवण्याची सोय. टीव्ही बिघडला म्हणून केबलवाल्याकडचा सिनेमा पुसला जात नाही. मात्र पुष्कळ जुन्या मदरबोर्डांत वेगळे कार्ड बसवले की मूळची जोडणी आपोआप बंद पडते. म्हणून कार्ड जागेवर ठेवून नुसती वायर बदलली तर पडदा काळाच राहतो आणि माणसाला वाटते की संगणकच गेला. ज्यांच्या घरी असे घडेल त्यांनी हे एवढे लक्षात ठेवावे.

दुसरे काम म्हणजे पहिल्यांदा त्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढणे. ते त्याच रात्री झाले. दोन ठिकाणी प्रत असल्याशिवाय संगणकाच्या पोटात हात घालू नये. हा नियम मी वर्गात फळ्यावर लिहून ठेवत असे.

तिसरे काम म्हणजे कार्डाशिवाय व्हिडिओ पुरा करता येतो का ते पाहणे. येतो. चित्रणाच्या लहान आकाराच्या प्रती करून घ्यायच्या, कापणे-जोडणे त्या हलक्या प्रतींवर करायचे आणि सगळे ठरले की शेवटी मूळ मोठ्या फाइलींवरून अंतिम व्हिडिओ तयार करायला लावायचा. बहुतेक चांगल्या संकलनाच्या प्रोग्रॅममध्ये ही सोय असते. वेळ लागतो. तो अंतिम व्हिडिओ तयार व्हायला रात्रभर संगणक चालू ठेवावा लागला आणि इन्व्हर्टरवर घरातले पंखे बंद ठेवावे लागले. सासूबाईंनी तक्रार न करता अंगणात खाट टाकली. पण श्राद्धाच्या चार दिवस आधी डीव्हीडी आणि पेनड्राइव्ह दोन्ही काकूंच्या हातात पडले. त्यांनी ते दुकानात लावून बघितले नाही. पदरात गुंडाळले आणि घरी नेले.

आता उरला प्रश्न त्या कार्डाचा. त्यासाठी थोडे मागे जायला हवे.

तुम्ही 'क्रिप्टो मायनिंग' हा शब्द ऐकला असेल. इथेरियम नावाचे आभासी चलन मिळवण्यासाठी लोक ग्राफिक्स कार्डे रात्रंदिवस चालवत. २०१७-१८ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये याचे इतके वेड होते की बाजारात कार्डे मिळेनाशी झाली. ही मंडळी जास्त कमाईसाठी कार्डाच्या फर्मवेअरमध्ये मेमरीच्या वेगाचे आकडे बदलत. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने आपली पद्धतच बदलली आणि ग्राफिक्स कार्डांचे ते काम एका दिवसात संपले. मग ती कार्डे जुन्या बाजारात आली. त्यांतली कित्येक पुसूनपासून, नव्या खोक्यात घालून विकली गेली. कार्ड चांगलेही असू शकते, पण त्याचे उपजत ज्ञान कुणी तरी बदललेले असते. असे कार्ड साध्या संगणकात बसवले की कधी मदरबोर्ड त्याला मानत नाही, कधी विंडोजमधला ड्रायव्हर 'हे फर्मवेअर मूळचे नव्हे' म्हणून चालायला नकार देतो, तर कधी चित्रावर रंगीबेरंगी चौकोन उमटतात.

याहून वाईट प्रकार म्हणजे तोतया कार्ड. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या क्षीण कार्डात नव्या, महाग कार्डाचे नाव लिहिलेले फर्मवेअर घालायचे. विंडोज बिचारे ते नाव वाचून दाखवते आणि गिऱ्हाईक फसते. हा प्रकार इतका वाढला की 'जीपीयू-झेड' नावाच्या फुकट मिळणाऱ्या तपासणी प्रोग्रॅमने २०१८ मध्ये अशी खोटी एनव्हिडिया कार्डे ओळखून इशारा देण्याची सोय केली. जुने कार्ड घेताना दुकानातच हा प्रोग्रॅम चालवून बघायला पाच मिनिटे लागतात. सोनाराकडे आपण कसाला लावल्याशिवाय डाग घेतो का?

जावईबापूंचे कार्ड आम्ही बुऱ्हाणपूरला एका ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे नेले. त्याच्याजवळ नव्या पद्धतीचा संगणक होता. त्या मुलाने काम फार नीट केले. कार्डाचा मूळ पट्टा वाचून वहीत उतरवला. आधी चिपमधला मजकूर जसा होता तसा वाचून एका फाइलीत जपून ठेवला आणि मग तपासले. तो मजकूर बदललेला निघाला. कार्ड मायनिंगमधून आलेले होते. पण त्याच कार्डाच्या काठावर पिनेच्या डोक्याएवढा एक खटका होता. काही कार्डांवर दोन फर्मवेअर असतात आणि या खटक्याने हवे ते निवडता येते. २०१० च्या एएमडी रेडिऑन ६९०० मालिकेच्या कार्डांवर असा खटका होता आणि पुढेही बऱ्याच कार्डांवर तो आला. दुरुस्तीवाल्याने खटका दुसऱ्या बाजूला सरकवला. तिथे कारखान्यातले मूळ फर्मवेअर अजून शाबूत होते. त्याच्या नव्या संगणकात कार्ड लख्ख चालले. फ्लॅश करायची गरजच पडली नाही.

जावईबापू खूश होऊन खकनारला आले, कार्ड आपल्या संगणकात बसवले आणि पडदा पुन्हा काळा!

इथेच या विषयाची खरी मेख आहे. कार्डाचा दोष होता तो गेला. पण संगणकाचाही दोष होता आणि तो कार्डाच्या चिपमध्ये काहीही लिहून जाणारा नव्हता. मदरबोर्ड २०११ चा, जुनी भाषाच तेवढी जाणणारा. त्याच्या कंपनीने त्याच्यासाठी सुधारणा देणे केव्हाच बंद केलेले. शिवाय विजेचा प्रश्न. मदरबोर्डाची खाच कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट देते. याहून जास्त भूक असलेल्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी वायर लागते. सहा पिनांची वायर ७५ वॉट देते आणि आठ पिनांची १५०. त्या जुन्या संगणकाच्या एसएमपीएसला आठ पिनांची वायरच नव्हती. हार्डडिस्कच्या दोन वायरी एकत्र करून एक जोडणी लावून दिलेली होती. बैलगाडीला ट्रकचे ओझे लावण्यातला हा प्रकार.

मिरजेचे जुने स्टेशन आठवणाऱ्यांना हे चटकन कळेल. तिथे एके काळी तिन्ही रुळांच्या गाड्या येत. कोल्हापूर-पुण्याची ब्रॉडगेज, बेळगाव-लोंढ्याकडची मीटरगेज आणि लातूरकडची नॅरोगेज. ब्रॉडगेजच्या दोन रुळांतले अंतर १,६७६ मिलिमीटर, मीटरगेजचे १,०००, नॅरोगेजचे ७६२. आपण सामान घेऊन या फलाटावरून त्या फलाटावर पळत असू. खकनारच्या मंडळींनाही हे ठाऊक आहे. बुऱ्हाणपूरहून जाणारी मुंबई-दिल्ली लाइन ब्रॉडगेज, तर त्यांच्या भागातल्या तुकईथड स्टेशनावरून जाणारी अकोला-खंडवा लाइन मीटरगेज होती. पुढे गेज बदलण्याच्या कामासाठी ती छोटी गाडी बंद झाली. आता सांगा, मीटरगेजच्या इंजिनाच्या ड्रायव्हरला ब्रॉडगेजचे नवे नियमपुस्तक दिले तर ते इंजिन ब्रॉडगेजवर धावेल का? फर्मवेअर म्हणजे ते नियमपुस्तक. पुस्तक चुकीचे असेल तर बदलून उपयोग होतो. रूळच वेगळे असतील तर होत नाही.

आणि ती उतरवून ठेवलेली फाइल? दुरुस्तीवाल्याने तीही उघडून बघितली. नाव त्याच कार्डाचे, पण त्यातले मेमरीचे आकडे दुसऱ्या कंपनीच्या मेमरीचे. एकाच नावाच्या कार्डांत कधी सॅमसंगची, कधी हायनिक्सची, कधी मायक्रॉनची मेमरी असते आणि ज्याचे आकडे त्यालाच लागू पडतात. ती फाइल घातली असती तर बदललेले फर्मवेअर जाऊन चुकीचे आले असते. मग चिपला चिमटा लावून वेगळ्या यंत्राने ती पुन्हा लिहावी लागली असती, किंवा कार्ड भंगारात.

म्हणून मी म्हणते की जो संगणक कार्डाला मानतच नाही, तोच फ्लॅश करायला सर्वांत वाईट जागा. पडद्यावर सूचना दिसत नाहीत. वीज अपुरी असल्याने मधेच कार्ड अडखळण्याचा धोका. चुकले तर परत फिरायला वाट नाही. फर्मवेअर लिहिण्याचे ते मिनिटभर वीज गेली तर चिप अर्धवट लिहिलेली राहते. चिपवरचे पुसले गेले की काय होते ते जगाने २६ एप्रिल १९९९ ला पाहिले. सीआयएच नावाच्या व्हायरसने त्या दिवशी कित्येक संगणकांच्या मदरबोर्डावरची चिप कचऱ्याने भरली आणि ते पुन्हा सुरूच होईनात. तो व्हायरस होता. चुकीची फाइल आपण आपल्या हाताने घातली तरी परिणाम तोच.

मग फर्मवेअर अपडेट कधीच करू नये का? तसे अजिबात नाही. २०१८ मध्ये एनव्हिडियाने आपल्या ९०० आणि १००० मालिकेच्या कार्डांसाठी एक अपडेट काढले. नव्या डिस्प्लेपोर्टचे मॉनिटर जोडले की ही कार्डे विंडोज येईपर्यंत काळा पडदा दाखवत, कधी संगणक तिथेच अडकून बसे. कंपनीचा प्रोग्रॅम आधी कार्ड तपासतो, गरज असेल तरच अपडेट करू का म्हणून विचारतो. शिवाय ज्यांचा पडदाच येत नाही त्यांना कंपनीने आधी सोपे मार्ग सुचवले होते. एचडीएमआय किंवा डीव्हीआयची वायर लावा, दुसरा मॉनिटर लावून बघा, मदरबोर्डाची सुरू होण्याची पद्धत जुनीवरून नवी किंवा नवीवरून जुनी करा, नाहीतर मूळच्या जोडणीवर संगणक सुरू करा. म्हणजे कंपनीसुद्धा आधी उजेड करायला सांगते, मग शस्त्रक्रिया.

दुसरे उदाहरण २०२१ चे. एनव्हिडियाच्या ३००० मालिकेतल्या आधी विकल्या गेलेल्या कार्डांना 'रिसायझेबल बार' नावाची सोय मिळावी म्हणून मार्चच्या अखेरीस फर्मवेअर आले. पण ती सोय चालायला मदरबोर्डाचे फर्मवेअर आणि प्रोसेसरही त्या जोगे असावे लागत. एकट्या कार्डाला अपडेट करून काही लाभ नव्हता. टाळी दोन हातांनीच वाजते.

आणि हे काही आजचे नाही. ॲपलच्या जुन्या पॉवर मॅकमध्ये साध्या पीसीचे कार्ड बसत असे, पण चित्र देत नसे, कारण त्या मॅकचे फर्मवेअर 'ओपन फर्मवेअर' नावाच्या निराळ्याच भाषेत बोले. चिप तीच, खाच तीच, भाषा वेगळी. हौशी लोक पीसीच्या कार्डात मॅकचे फर्मवेअर घालत. कित्येकांच्या कार्डावरची चिपच लहान असे आणि मॅकचा मोठा मजकूर तिच्यात मावत नसे. शेरभर भांड्यात पायली कशी मावणार?

तेव्हा घरात जुना संगणक आणि मुलाच्या डोक्यात नवे कार्ड असेल, तर पुढचा क्रम कात्रण काढून ठेवा. कार्ड घेण्याआधी संगणकाचे साल पाहा, एसएमपीएसवर किती वॉट लिहिले आहेत आणि कोणत्या वायरी आहेत ते पाहा. बसवल्यावर पडदा काळा आला तर कार्ड काढून मूळच्या जोडणीवर संगणक सुरू होतो का ते बघा. झाला तर घाबरायचे कारण नाही. फाइलींची प्रत काढा. कार्ड दुसऱ्या, नव्या संगणकात लावून बघा. तिथेही बिघाड दिसला तरच फर्मवेअरचा संशय घ्या. बदलायचेच ठरले तर आधी असलेल्या फर्मवेअरची प्रत जपा, फाइल कार्डाच्या कंपनीचीच घ्या, मॉडेल आणि मेमरी पडताळा आणि यूपीएस असलेल्या, पडदा नीट दिसणाऱ्या संगणकावरच ते काम करा.

हे आता जास्तच महत्त्वाचे आहे. २०२१ च्या ऑक्टोबरात आलेल्या विंडोज ११ ला यूईएफआय आणि टीपीएम २.० लागते आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. त्यामुळे घरोघरचे चांगले चालणारे संगणक एका दिवसात 'न जुळणारे' ठरले. त्यांना भंगारात घालायची घाई नको. हिशेब लिहिणे, पत्रे टंकणे, आज्जीचे जुने फोटो जपून ठेवणे ही कामे ते अजून पुष्कळ वर्षे करतील. आपले म्हातारे माणूस शेतात नांगर धरत नाही म्हणून त्याला कुणी घराबाहेर काढत नाही. ओसरीवर बसून ते नातवंडे सांभाळते. जुन्या संगणकाकडून त्याला झेपेल तेवढेच मागावे.

जावईबापूंनी पुढच्या हंगामानंतर वापरलेलाच, पण २०१८ चा संगणक घेतला. ते कार्ड त्यात सुखाने नांदते आहे. जुना संगणक मदतीच्या मुलाला शिकायला दिला आहे. भाचीचा परवा फोन आला होता. काकूंच्या घरी वर्षश्राद्धाला आलेल्या सगळ्या पाहुण्यांनी आजोबांचा तो नाच पाहिला, काहीजण हसले, काहीजण रडले आणि नातवाने तेवढा तुकडा तीनदा लावला. आता त्या घरात दोन पेनड्राइव्ह आहेत. एक कपाटात आणि एक मुलीच्या सासरी. प्रत दोन ठिकाणी ठेवायची, हे काकूंना कुणी सांगावे लागले नाही.

पुढच्या खेपेस जुन्या कॅसेटवरची लग्ने आणि आवाज संगणकात कसे उतरवायचे ते पाहू. तोवर कपाटातल्या कॅसेट उन्हात ठेवू नका.